गुंडाळून नेलेला डाव

आमच्या घरात ते पत्ते आले त्या दिवशी मी संध्याकाळचं जेवण न बोलता वाढलं. माझ्या माहेरी पत्त्यांना हात लावलेला चालत नसे. पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे संसाराचं वाटोळं, एवढं साधं गणित होतं. आणि इथं नवरा अख्खं खोकं भरून पत्ते घेऊन आला होता.

ह्यांचं मोताळ्यात बसस्टँडच्या मागं झेरॉक्सचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, वह्या-पेनं, सातबाऱ्याची प्रिंट आणि पोरांसाठी बरणीतल्या गोळ्या. दुकानाच्या एका कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. अकोल्याच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून ह्यांनी खेळण्यांचा पडून राहिलेला माल उचलला, त्यात हे खोकं निघालं. परदेशातून कंटेनरनं आलेली, तिकडं न खपलेली पाकिटं. व्यापारी म्हणाला होता, पोरं उड्या टाकतील.

पोरांनी काही उड्या टाकल्या नाहीत. पाकीट फोडलं तर आत ना क्रिकेटवाला, ना पहिलवान. काळंकुट्ट आभाळ, त्यात लांबुडकी जहाजं, दोन-दोन सूर्य असलेले ग्रह, काचेची टोपी घातलेली माणसं आणि खाली बारीक इंग्रजीत काहीबाही लिहून शेजारी आकडे. दोन दिवसांत निम्मी पाकिटं परत आली. बाजाराच्या दिवशी ह्यांनी ती रस्त्यावर मांडूनही पाहिली. एका बाईनं एक पान उलटसुलट करून विचारलं, "हे कोन्या देवाचं आहे?" संध्याकाळी खोकं जसंच्या तसं घरी आलं आणि दिवाणाखाली गेलं.

तिथून ते काढलं ह्यांच्या दोस्तानं. शाळेपासूनचा दोस्त, एसटीत कंडक्टर, बुलढाणा-मलकापूर गाडीवर. सुटीच्या दिवशी हमखास यायचा, दारातूनच "जय भीम, वहिनी" म्हणायचा आणि सरळ दिवाणावर मांडी ठोकायचा. मी त्यांना भाऊजी म्हणते. भाऊजींनी पानं पसरली, दोन-चार निरखून पाहिली आणि म्हणाले, "अबे, हा खेळ आहे. याचे नियम असतीन ना काहीतरी."

नियमांचा कागद खोक्यात नव्हता. मग त्या दोघांनी नियम शोधायला घेतले. डिक्शनरी घेऊन एकेक पान वाचायचे, वाद घालायचे, ठरवायचे, मोडायचे. जहाजाच्या पोटावर तीन आकडे होते. एक ऊर्जा धरला, दुसरा वेग. तिसरा कशाचा यावर त्यांचा अख्खा उन्हाळा गेला. भाऊजी हटून बसले की तो प्रवाशांचा आकडा आहे. "गाडी म्हटली का शिटा आल्याच," म्हणायचे. शेवटी तेच ठरलं.

मी चहा देता देता ऐकायची, म्हणून थोडंफार कानावर पडलं होतं. दोघांचा एकेक ग्रह. मधे काळी पानं उलटी मांडलेली, त्याला ते 'अंधार' म्हणत. आपलं जहाज अंधारातून समोरच्याच्या ग्रहापर्यंत न्यायचं. पण नुसतं नेऊन भागत नाही. हातात उतरायचं पान असावं लागतं. हिरव्या माळावर एक दिवा लागलेला आहे, असं त्या पानावर चित्र. खोकंभर पत्त्यांत अशी पानं मोजकीच. जहाज पोचलेलं असेल आणि ते पान हातात असेल, तर उतरायचं. उतरला तो जिंकला, डाव संपला. आणि सगळ्यात कडक नियम हा की अर्धा डाव मोडायचा नाही. आज संपला नाही तर पुढच्या सुटीला. तोवर दिवाणावरच्या पत्त्यांवर टोपलं पालथं घालून ठेवायचं आणि आम्ही खाली सतरंजीवर बसायचं. पाहुणे आले की मी सांगायची, "तिकडं बसू नका, तिकडं ग्रह आहेत."

शेजारच्यांनी टोमणे मारले. घरी पत्त्याचा क्लब टाकला काय, असं एकानं तोंडावर विचारलं. मीही कमी बोलले नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं मला वाटायचं, हा माणूस रिकाम्या घरात पोरकटपणा करून घेतोय. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ते नुसती पानं एकसारखी करत राहिले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग घरोघरी मोठे फोन आले. एका रविवारी भाऊजींनी त्या खेळाचं इंग्रजी नाव फोनमध्ये टाकलं आणि दोघं डोक्याला डोकं लावून वाचत बसले. खेळ परदेशात निघाला, थोडी वर्षं चालला आणि कंपनीनं बंद केला. पुढचा संच येईल, त्यात ग्रहांच्या लढाईचा शेवट कळेल, असं सांगितलं होतं. तो संच निघालाच नाही. कुणी जुने खेळणारे त्याच्या आठवणी काढत होते, पण नियमांचा कागद काही सापडला नाही. मला वाटलं आता हे खट्टू होतील. ह्यांनी तर मांडीवर थाप मारली. "बरं झालं बे! आता कोनी येऊन सांगत नाही का तुम्ही चुकीचं खेळून राह्यले म्हनून."

ज्यांनी काढला त्यांनी सोडून दिलेला खेळ, मोताळ्यात दोन माणसं खेळत होती.

ह्यांच्या पायावर सूज दिसायला लागली तेव्हा आम्ही ती दिवसभर दुकानात उभं राहण्यावर घातली. मग तोंडावरही दिसायला लागली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. ह्यांचं मूळ गाव खाली नांदुऱ्याच्या बाजूला, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. लहानपण तेच पाणी पिऊन गेलेलं. डॉक्टरांनी कारण नक्की असं सांगितलं नाही, पण आमच्याकडं लोक पाण्यालाच बोलतात. मीही पुष्कळ दिवस पाण्याला शिव्या दिल्या. माझी किडनी चालते का ते पाहिलं, जुळली नाही.

आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला डायलिसिस सुरू झालं. मंगळवार आणि शनिवार. मोताळ्याहून एसटीनं राजूरचा घाट चढून जायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं, घाट उतरून परत यायचं. डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून जोडलेली, त्या हाताला कान लावला की आत घरघर ऐकू यायची. त्या हातात सुया. तो हात वाकवायचा नाही, हलवायचा नाही. पाणी मोजून प्यायचं. ज्या माणसाला तांब्यानं घटाघटा पाणी प्यायची सवय, तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा.

सुरुवातीला भाऊजी सोबत असायचे. त्यांचीच गाडी असली की ह्यांना पुढची शीट ठरलेली. पण मग त्यांची बदली मेहकर डेपोला झाली आणि येणं कमी होत होत बंदच पडलं. त्याच सुमारास ह्यांचं नको-नको सुरू झालं. मशीनवरून आलं की दुसरा दिवस उलट्या आणि अंगदुखीत जायचा, जरा बरं वाटतंय तोवर पुढची पाळी. एका सोमवारी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "बस झालं वं आता. मले नाही जायचं."

थांबवलं तर माणूस फार दिवस काढत नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं. ह्यांना ते ठाऊक होतं. ठाऊक असूनच म्हणत होते.

मी भांडले, रडले, माझी शपथ घातली. "शपथेनं किडनी चालली असती तं दवाखाने बंद पडले असते," म्हणाले. त्यांच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या नणदेला, उंद्री गावी फोन केला. वाटलं, भाऊ तिचं तरी ऐकेल. तर ती मलाच म्हणाली, "कायले त्याचे हाल करून राह्यली तू? त्याचं मन नाही तं राहू दे त्याले घरी. सुखानं राहीन चार दिवस." नणंद वाईट नाही. धाकट्या भावाला तिनं कडेवर वाढवलेलं. पण मी भांडण न करता फोन ठेवला, कारण ती म्हणते ते खोटं आहे असं मला छातीठोक सांगता येत नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी दिवाणाखालचं खोकं ओढलं.

"मले शिकवा."

"काय?"

"हे ग्रहाचे पत्ते. भाऊजी येत नाही आता. तुमच्यासंगं कोन खेळते?"

"तुले तं जुगार वाट्टे."

"वाट्टे. तरी शिकवा."

ते उशी मागं घेऊन बसले. त्यांनी मला शिकवलं, मी मुद्दाम तेच तेच दोनदा विचारलं आणि डाव रंगात आला तोवर गाडीची वेळ झाली. मी उठून पदर खोचला आणि पानं गोळा न करता परातीत जशीच्या तशी सरकवायला लागले.

"हे काय करून राह्यली?"

"मी बुलढाण्याले जाऊन राह्यली. पत्ते माझ्यासंगं येतीन. डाव मोडायचा नाही हा तुमचाच नियम. खेळायचं असन तं चला."

असली दांडगाई मी आयुष्यात केली नव्हती. त्यांना हसू आलं, ते दाबलं आणि "चप्पल कुठं आहे माही?" म्हणाले.

त्या पहिल्या दिवशी घाटातल्या वळणांनी परातीतले ग्रह एकमेकांवर चढले आणि दवाखान्यात खाटेवरून एक जहाज मशीनखाली गेलं. एका हातानं त्यांना पानं धरताही येईनात. घरी आल्यावर मी काळ्या पँटपीसचा उरलेला तुकडा घेतला, त्यावर वहीच्या कव्हराच्या प्लॅस्टिकचे खिसे शिवले, रांगेत, दोन्ही ग्रहांसाठी, जहाजांसाठी, मधल्या अंधारासाठी. मांडलेला डाव त्यात तसाच राहायचा आणि चटईसारखा गुंडाळता यायचा. हातातल्या पानांसाठी दोघांना दोन वेगळ्या पट्ट्या, त्यांना कापडाचेच खिसे, म्हणजे समोरच्याला फक्त पाठ दिसावी. त्यांची पट्टी मी पांघरुणाला पिना लावून त्यांच्या उजव्या हाताशी अडकवायची. ज्या खिशात पान ठेवलं तिथंच ते राही, उगाच इकडंतिकडं करायला एका हातानं जमत नसे. ह्यांनी ते कापड पहिल्यांदा उलगडलं तेव्हा शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कंपनीले हे सुचलं असतं तं बंद नसती पडली."

असं आमचं येणंजाणं सुरू झालं. पिशवीत टॉवेल, नॅपकिन, पाण्याचा लहान ग्लास, फाईल आणि गुंडाळलेला डाव.

मी चांगली खेळत नव्हते. माझी जहाजं मी माझ्या ग्रहाजवळच उभी करून ठेवायची, ऊर्जा साठवून. ती अंधारात सोडायची म्हटली की जिवावर यायचं. ह्यांचा पारा चढायचा. "अवं, हे काय पापडाचे डबे आहे काय भरून ठेवाले? एखादं जाऊ दे ना! गेलं तं गेलं."

"मी नाही जाऊ देत," मी म्हणायची.

बाजूच्या खाटेवर एक म्हातारे असायचे, चिखलीकडचे. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण दर वेळी विचारायचे, "आज कोन जिंकून राह्यलं?" ह्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं की ते खूश व्हायचे. एका शनिवारी त्या खाटेवर दुसरा माणूस होता. ह्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही आणि आम्ही नेहमीपेक्षा सावकाश खेळलो.

थंडी पडली तेव्हा त्यांची तब्येत फारच उतरली. मशीनवर रक्तदाब पडायचा, पायात गोळे यायचे. एक डाव संपला, ते जिंकले, आणि पानं पिसायला न घेता म्हणाले, "आता ऐक. अजून एक डाव खेळू. तो संपला का मले नेऊ नको. मंग मी घरी राहीन. कबूल?"

मी काय म्हणणार होते? नाही म्हटलं असतं तर तिथंच थांबले असते. "कबूल," म्हटलं. मनात म्हटलं, हा डाव मी संपूच देणार नाही.

पण झालं उलटंच. थोड्याच पाळ्यांत त्यांचं एक जहाज अंधार ओलांडून माझ्या ग्रहासमोर येऊन उभं राहिलं. आता उतरायचं पान हातात आलं की झालं. माझ्या जहाजांत त्याला परतवून लावायची ताकद होती, पण परतवलं तर ते वैतागून डावच सोडतील, ही भीती. मी तसंच राहू दिलं. ते पान ओढायचे, डोळ्यांजवळ नेऊन पाहायचे, पट्टीतल्या रिकाम्या खिशात सरकवायचे. माझा जीव टांगणीला.

"आलं काय?"

"नाही वं. नाही आलं."

मग माझी खेळी, मग परत त्यांची. नाही आलं. मंगळवार गेला, शनिवार गेला, परत मंगळवार आला. मी जे देव आठवतील त्यांना सांगत होते, ते पान येऊ देऊ नका. पट्टीतल्या अगदी पहिल्या खिशातल्या पानाला वाटणी झाल्यापासून त्यांनी हातच लावला नव्हता. मला वाटायचं, बिनकामाचं असेल, म्हणून पडून आहे.

त्या दिवसांत एकदा घाट चढताना मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "तुम्हाले राग येते काय माहा? तुमचं मन नाही अन् मी ओढून नेते म्हनून?"

ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग म्हणाले, "काच लाव. वारं लागते."

मी काच लावली. वळणावर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि बुलढाण्यापर्यंत तिथंच राहिलं. झोप होती की ग्लानी, कळलं नाही. उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

ते गेले ते शुक्रवारी सकाळी. मशीनवर नाही, घाटात नाही. दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि तिथंच पायरीवर बसले. मी शिलाई मशीनला दोरा ओवत होते. "पानी," एवढंच म्हणाले. मी तांब्याच भरून आणला, ग्लास नाही, का कोण जाणे. पाणी तोंडापर्यंत गेलं नाही.

शनिवारी आम्ही बुलढाण्याला जाणार होतो. पिशवी भरून खुंटीला लावलेली होती.

घर बायांनी भरलं. नणंद उंद्रीहून आली ती भावाच्या अंगावर पडूनच रडली. तिसऱ्या दिवशी सगळ्या बाया बसलेल्या असताना माझ्याकडं न पाहता म्हणाली, "माह्या भावाले घाट चढवू चढवू मारलं. शेवटचे दिवस सुखानं घरी नाही राहू देल्लं." कुणी तिला गप्प केलं नाही. माझ्या तोंडाला लागायचं म्हणजे काय हे गावाला माहीत आहे, पण त्या दिवशी मला शब्द सुचला नाही. कारण हाच प्रश्न मी घाटात विचारला होता आणि उत्तरादाखल मला काच लावायला सांगितली गेली होती.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी दुकान उघडलं. लोक झेरॉक्स काढायला यायचे, हळू आवाजात बोलायचे. मी जगत होते, पण एक काटा आत होता. माणूस गेल्याचं दुःख वेगळं, ते सगळ्यांना होतं. मला भीती ही होती की थकलेल्या माणसाला मी माझ्या हट्टासाठी महिनोन्महिने फरफटवलं. मी त्यांना धरून ठेवलं होतं की छळलं होतं, हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो आता नव्हता.

भाऊजी मयतीला आले होते, पण तेव्हा काही बोलणं झालं नव्हतं. महिन्याभरानं एका दुपारी आले. खाकी शर्टवर, खांद्याला तिकिटाची बॅग. दिवाणावर बसले नाहीत, खुर्ची ओढून घेतली. मी चहा दिला. तो निम्मा झाल्यावर म्हणाले, "फोनवर सांगत होता मले. तुमी भल्ल्या चिवट खेळता म्हने."

"काही नाही चिवट. भेत खेळत होती."

"डाव राह्यला काय अर्धा?"

"राह्यला."

"चाल कोनाची?"

"त्यायची."

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पाहू काय, वहिनी?"

मी खुंटीवरची पिशवी काढली. शुक्रवारपासून तिला हात लावला नव्हता. टॉवेल काढून बाजूला ठेवला, ग्लास ठेवला आणि कापड दिवाणावर उलगडलं. सगळं जागच्या जागी होतं. भाऊजींनी चष्मा लावला आणि दोन्ही बाजू नीट पाहिल्या.

"याचं जहाज तं उतराले उभंच आहे."

"हाव. कवाचंच. पान येत नव्हतं."

त्यांची पट्टी अजून पाठमोरीच होती. समोरच्याची पानं पाहायची नसतात, म्हणून मी ती उलटवली नव्हती. माणूस गेल्यावर कसला नियम, पण नव्हती उलटवली. भाऊजींनी ती उचलून स्वतःकडं फिरवली. पहिल्या खिशातलं पान अर्धं वर ओढलं आणि हात तिथंच थांबला. मग त्यांनी पट्टी माझ्यासमोर धरली.

हिरवा माळ. त्यावर लागलेला दिवा.

"वाटतानाच आलं होतं काय हे त्याले?" भाऊजींनी विचारलं.

मी मान हलवली. पहिला खिसा वाटणीतलाच. पहिल्या दिवसापासूनचा.

मला ते सगळे मंगळवार-शनिवार दिसायला लागले. ओठ सुकलेले, हातात सुया, पायात गोळे आणि हा माणूस पान डोळ्यांजवळ नेऊन, तोंड पाडून मला सांगतोय, नाही आलं. तोंडभरून खोटं बोलत होता. डाव संपला की नेऊ नको, हा त्यांचाच शब्द. तो डाव संपवणं त्यांच्या हातात होतं. जहाज पोचलं त्याच दिवशी पान टाकलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून घरी राहता आलं असतं, आणि मला एक शब्द बोलायची सोय राहिली नसती. त्यांनी ते पान टाकलं नाही. एकदाही नाही. थकला होता, विटला होता, तरी दर वेळी पान खिशात ठेवून पुढच्या पाळीला यायचं त्यानं ठरवलं होतं. त्याला यायचं होतं. माझ्यासोबत त्या घाटातून अजून एकदा, आणि मग अजून एकदा.

आणि मी मेली देवांना साकडं घालत होते.

भाऊजी उठले, "मी बाहेर थांबतो," म्हणाले आणि पायरीवर जाऊन पाठ करून बसले. मी त्या काळ्या कापडावर डोकं ठेवून रडले. मयतीला जे रडले होते ते लोकांसोबतचं होतं. हे माझं एकटीचं होतं. राग आला होता, लाज वाटत होती आणि त्या दोन्हींच्या खाली इतकं बरं वाटत होतं की त्याचंच रडू जास्त येत होतं.

तोंड धुऊन मी आधी उंद्रीला फोन लावला. नणदेला मी काय समजावणार होते? ग्रह, जहाजं, अंधार, खिशाची पट्टी? तिच्या लेखी ते सगळे जुगाराचे पत्ते. तिनं फोन उचलला.

"ताई," मी म्हटलं, "तुमच्या भावाले थांबायचं नव्हतं. घरी राहायचं नव्हतं त्यायले. त्यायले यायचं होतं मशीनवर. जगायचं होतं, ताई."

अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"त्यायनंच," मी म्हटलं.